३८ साक्षीदारांची गोष्ट आता तशीच सांगू नका

अकरावी-बारावीला मानसशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो,

सप्रेम नमस्कार.

ज्यांनी हा विषय आवडीनं घेतला त्यांना हे पत्र आहेच. पण कुणाचे तरी तास भरायचे राहिले म्हणून ज्यांच्या वेळापत्रकात मानसशास्त्र घुसवलं गेलं, त्यांना जरा जास्त आहे. माझी सुरुवात तशीच झाली. आदल्या रात्री बाजारातलं गाइड वाचायचं आणि सकाळी तेच फळ्यावर उतरवायचं, अशी पहिली दोन वर्षं काढली. पुढे गोडी लागली, बाहेरून एम.ए. केलं, आणि सातारा जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात निवृत्त होईपर्यंत हाच विषय शिकवला. त्या गाइडातल्या काही गोष्टी मात्र शेवटपर्यंत माझ्या तोंडी राहिल्या. त्यांतल्या एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला बसले आहे.

सामाजिक वर्तनाचं प्रकरण आलं की माझा एक ठरलेला तास असे. पंखा फार खडखडायचा, तो बंद करायला लावायचा. खडू ठेवायचा. आवाज खाली आणायचा. न्यूयॉर्क शहर, १३ मार्च १९६४, पहाटेचे सव्वातीन. किटी जेनोव्हीज नावाची २८ वर्षांची मुलगी कामावरून घरी परतते आहे. एक माणूस तिला गाठतो, अर्ध्या तासात तीनदा येऊन वार करतो. ती ओरडते आहे. समोरच्या इमारतीच्या खिडक्यांतून ३८ माणसं बघताहेत. पोलिसांना फोन? एकानंही केला नाही. एवढं सांगून मी थांबायची. वर्ग गार पडायचा. त्या शांततेची मला चटकच लागली होती म्हणा ना.

एका वर्षी मागच्या बाकावरची मुलगी उठली. "मॅडम, माझे पप्पा टोमॅटो घेऊन रात्री पुण्याला चालले होते, खंबाटकीत टेम्पो उलटला. धाब्यावरच्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं, दवाखान्यात नेलं. राहिलेली पोरं टोमॅटो परत क्रेटमध्ये भरत होती. तिथं पण गर्दीच होती की." मग थोडं थांबून म्हणाली, "पोलीस आल्यावर मात्र सगळे पांगले."

मी काय म्हणाले असेन? "अपवाद असतात गं, बस खाली." ती बसली. वार्षिक परीक्षेत तिनं ३८ साक्षीदार व्यवस्थित लिहिले आणि मी तिला पाचपैकी पाच गुण दिले.

आता जे आधीच कळायला हवं होतं ते सांगते. २००७ साली रेचल मॅनिंग, मार्क लेव्हिन आणि ॲलन कॉलिन्स या तीन मानसशास्त्रज्ञांनी त्या खटल्याची कागदपत्रं तपासून एक लेख लिहिला. वार तीनदा झाले नव्हते, दोनदा झाले होते. दुसरा आणि जीवघेणा हल्ला इमारतीच्या मागच्या बाजूला, जिन्याच्या पायथ्याशी, दाराआड झाला. समोरच्या खिडक्यांतून तो कुणाला दिसणंच शक्य नव्हतं. काहीतरी प्रत्यक्ष पाहिलेले लोक बोटांवर मोजण्याइतके होते. इतरांनी थंडीच्या रात्री बंद खिडकीमागून कसला तरी आवाज ऐकला, एवढंच. पहिल्या हल्ल्याच्या वेळी वरच्या मजल्यावरून एक जण मोठ्यानं ओरडला आणि मारेकरी त्या ओरडण्यानं पळाला. शेजारीण सोफिया फरार तर, मारेकरी तिथंच दबा धरून आहे की गेला याचा पत्ता नसताना, जिना उतरून धावली. रुग्णवाहिका येईपर्यंत किटीला ती धरून बसली होती. म्हणजे मी वर्षानुवर्षं ज्या मुलीला एकटीला मरायला लावत होते, तिच्याजवळ शेवटी माणूस होतं.

मग ३८ आले कुठून? खुनानंतर दोन आठवड्यांनी, २७ मार्चला, 'न्यूयॉर्क टाइम्स'नं ही बातमी पहिल्या पानावर छापली. गंमत बघा, मथळ्यात ३७ आणि मजकुरात ३८. आपण मजकुरातला आकडा उचलला आणि पोरांकडून पाठ करून घेतला. २०१६ साली मारेकरी तुरुंगात मेला, तेव्हा त्याच वर्तमानपत्रानं मूळ बातमीत साक्षीदारांची संख्या आणि त्यांनी जे पाहिलं ते फुगवून सांगितलं होतं, हे मान्य केलं. आणखी एक. १९६४ साली न्यूयॉर्कात ९११ हा आणीबाणीचा नंबरच नव्हता, तो १९६८ पासूनचा. पोलीस ठाण्याचा नंबर शोधून, 'तुम्ही कोण, तुमचा काय संबंध' अशी उत्तरं देत बसणं म्हणजे काय, हे आपल्याकडच्या माणसाला वेगळं समजावून सांगायला नको.

"मग हा धडाच काढून टाकायचा का?" असं माझी एक धाकटी सहकारी तावातावानं विचारत होती. मुळीच नाही. बातमी खोटी निघाली तरी तिच्यातून सुचलेले प्रयोग खरे आहेत आणि सुंदर आहेत. जॉन डार्ली आणि बिब लाताने यांचा १९६८ चा प्रयोग तास-दोन तास घेऊन शिकवण्यासारखा आहे. विद्यार्थी वेगवेगळ्या खोल्यांत बसून माइकवरून गप्पा मारताहेत. मध्येच एका आवाजाला फिट येते (तो आवाज ध्वनिमुद्रित होता). आपण एकटेच ऐकतो आहोत असं वाटणाऱ्यांपैकी ८५ टक्के, फिट संपायच्या आत, मदत मागायला उठले. आणखी एक ऐकणारा आहे असं वाटलं तेव्हा ६२ टक्के. आणखी चार आहेत असं वाटलं तेव्हा ३१ टक्के. जबाबदारीची विभागणी म्हणतात ती ही. गाइडात एवढं असतं.

गाइडात नसतं ते पुढे आहे. जे उठले नाहीत त्यांना नंतर भेटायला गेल्यावर त्यांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम होता. "तो बरा आहे ना?" असं ते स्वतःहून विचारत होते. ती माणसं बेफिकीर नव्हतीच, काय करावं या कात्रीत अडकली होती. संशोधकांनी हे स्पष्ट लिहून ठेवलं आहे. आपण मात्र त्यांच्याच प्रयोगाखाली 'शहरी माणसाची संवेदनशून्यता' असा ठसा मारून मोकळे झालो. मीही मारला आहे.

नंतरच्या संशोधनानं चित्र आणखी बदललं. धोका जितका उघड आणि गंभीर, तितका बघ्यांचा परिणाम (बघे जास्त, तितकी एकेकाकडून मदत कमी) कमी होतो असं दिसलं. अलीकडे ॲमस्टरडॅम, लँकेस्टर आणि केप टाउन या तीन शहरांतल्या रस्त्यांवरच्या २१९ भांडणांचं सीसीटीव्ही चित्रण तपासलं गेलं. दहांतल्या नऊ भांडणांत निदान एक तरी तिऱ्हाईत मध्ये पडला होता. आणि आजूबाजूला माणसं जितकी जास्त, तितकी कुणीतरी मध्ये पडण्याची शक्यता जास्त. प्रत्येकाचा वाटा कमी होत असेलही, पण बुडणाऱ्याच्या बाजूनं पाहिलं तर काठावर माणसं जास्त असलेलीच बरी. ती मागच्या बाकावरची पोरगी याहून वेगळं काय सांगत होती?

तिच्या दुसऱ्या वाक्याकडे तर माझं लक्षच गेलं नव्हतं. पोलीस आल्यावर सगळे का पांगले? अख्ख्या प्रकरणाचा खरा प्रश्न तो होता आणि तो फुकट माझ्या पदरात पडला होता. ज्यांनी पत्रा वाकवून माणूस ओढून काढला ते भित्रे नव्हते आणि निर्दयही नव्हते. साक्षीला बोलावतील, तारखांना सातारच्या खेपा पडतील, उलट आपल्याच गळ्यात येईल, हा हिशोब त्यांच्या डोक्यात होता आणि तो अनुभवातून आलेला होता. पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयानं अशा मदत करणाऱ्यांच्या संरक्षणासाठीची मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली. २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आलं. आता मदत करणाऱ्यावर दावा लावता येत नाही आणि स्वतःचं नाव सांगायची सक्तीही त्याच्यावर करता येत नाही. वर्तन बदलायचं तर माणसाला उपदेश करण्यापेक्षा त्याच्या भोवतीची परिस्थिती बदला, हे सामाजिक मानसशास्त्राचं सगळ्यात मोठं सांगणं. त्याचं आपल्या हायवेवरचं उदाहरण कायद्याच्या पुस्तकात आयतं पडलं आहे. आणि आपण पोरांना न्यूयॉर्कच्या खिडक्या दाखवतो आहोत.

बाकीच्या लाडक्या गोष्टींचंही थोडक्यात सांगते. स्टॅनफर्डचा तुरुंग, ऑगस्ट १९७१. विद्यापीठात लुटुपुटीचा तुरुंग केला, काही मुलांना पहारेकरी केलं, काहींना कैदी. दोन आठवड्यांचा प्रयोग सहाव्या दिवशी थांबवला, एवढं खरं. पण 'साध्या मुलांच्या हातात काठी दिली आणि ती आपोआप क्रूर झाली' यातलं 'आपोआप' काढून टाका. मूळ ध्वनिफिती आणि कागद धुंडाळून तिबो ल तेक्सिए यांनी २०१९ साली दाखवलं, की पहारेकऱ्यांनी कसं वागायचं याच्या सूचना त्यांना आधीच मिळाल्या होत्या आणि जो ढिला पडला त्याला कडक हो म्हणून सांगितलं गेलं होतं. मिलग्रॅमचा प्रयोग (हुकूम मिळाला म्हणून माणूस दुसऱ्याला विजेचे झटके देत राहतो का; झटके खोटे होते) ठेवा, पण अर्धवट नको. ४० पैकी २६ जण ४५० व्होल्टपर्यंत गेले, हे सगळ्यांना पाठ असतं. शेजारी बसलेल्या दोघांनी नकार दिला तेव्हा शेवटपर्यंत जाणारे १० टक्क्यांवर आले, हे मात्र उत्तरपत्रिकेत मला एकदाही सापडलं नाही. आम्ही सांगितलंच नव्हतं, तर सापडणार कुठून? सोळा-सतरा वर्षांच्या पोरांना त्या वयात जास्त उपयोगी पडणारा आकडा हा दुसरा आहे.

मॅस्लोचा त्रिकोण, म्हणजे माणसाच्या गरजांची उतरंड. (उसासा.) त्यांच्या १९४३ च्या मूळ लेखात त्रिकोण नाही. मीच सांगायची, "आकृती काढल्याशिवाय पूर्ण गुण मिळत नाहीत." पावलोव्ह यांचं नोबेल १९०४ चं आहे आणि ते पचनसंस्थेवरच्या कामासाठी आहे, अभिजात अभिसंधानासाठी (खाण्याची खूण मिळताच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटतं, त्यासाठी) नाही. ही चूक तर प्रश्नपेढ्यांतही मी पाहिली आहे.

चार वर्षांच्या मुलापुढे गोड खाऊ ठेवायचा, थांबलास तर दुप्पट मिळेल म्हणायचं, आणि जो थांबेल तो आयुष्यात पुढे जाईल, ही गोष्ट पालकसभेत फार चालते. २०१८ साली जास्त मोठ्या आणि जास्त मिश्र मुलांच्या गटावर हे तपासलं, तेव्हा घरची परिस्थिती हिशोबात घेतल्यावर त्या भाकितात फारसं काही उरलं नाही. त्याआधी २०१३ चा एक छोटा प्रयोग आहे, तो मला सगळ्यात जवळचा. २८ मुलं होती. निम्म्या मुलांना आधी एका मोठ्या माणसानं चांगले रंगखडू आणून देतो म्हणून सांगितलं आणि आणले नाहीत. निम्म्यांना दिलेला शब्द पाळला. मग खाऊ ठेवला. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी बारा मिनिटं थांबली. ज्यांना फसवलं होतं ती तीन. आता सांगा, न थांबणारं पोर उतावळं की शहाणं? दुष्काळी भागातल्या, ऊसतोडीला जाणाऱ्या घरांतल्या मुलांना शिकवणाऱ्यांनी तरी 'संयम नाही' हा शेरा लिहिण्याआधी ही बारा आणि तीन मिनिटं आठवावीत.

हे सगळं बाहेरचंच झालं, असं तुम्ही म्हणाल. आपलंही आहे आणि ते आपण शिकवत नाही, ही माझी दुसरी तक्रार. बोधात्मक विसंवाद, म्हणजे कॉग्निटिव्ह डिसोनन्स (मनातल्या दोन गोष्टी जुळेनात तेव्हाची अस्वस्थता), आपण एक डॉलर किंवा वीस डॉलर देऊन खोटं बोलायला लावलेल्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगातून शिकवतो. त्या कल्पनेची एक वाट बिहारमधून गेली आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहार आणि नेपाळमध्ये मोठा भूकंप झाला. पाटण्याचे जमुना प्रसाद यांनी त्यानंतर पसरलेल्या अफवा गोळा करून त्यांवर लेख लिहिला. १८ आणि १९ जानेवारीच्या दरम्यान पाटण्यावर भयंकर वादळ येणार. २३ तारीख घातवार आहे. चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा धरणी हलणार. विशेष असं, की या अफवा पसरवणाऱ्यांना हादरे जाणवले होते, पण त्यांच्या भागात पडझड झाली नव्हती. नुकत्याच घाबरलेल्या माणसांनी आणखी भीतीदायक गोष्टींवर विश्वास का ठेवावा? अमेरिकेत बसून मानसशास्त्रज्ञ लिऑन फेस्टिंगर हे वाचत होते आणि याच कोड्यावर त्यांची गाडी अडली. त्यांना उत्तर सुचलं ते असं. पोटात भीती आहे, पण आजूबाजूला भ्यायला कारण दिसत नाही. हा विसंवाद माणसाला सोसवत नाही, म्हणून तो भीतीला शोभेल असं कारण तयार करतो. पुढे दार्जिलिंगला दरडी कोसळल्या तेव्हा दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या अफवांचा अभ्यास केला. तिथं लोकांनी विध्वंस डोळ्यांनी पाहिला होता. आणखी मोठं संकट येणार अशा अफवा तिथं दिसल्या नाहीत. फेस्टिंगर यांनी या दोन्ही अभ्यासांचा आधार घेतला आणि १९५७ साली सिद्धांत मांडला.

हे वर्गात सांगितल्यावर पोरं स्वतःहून फोनवरच्या फॉरवर्डवर येतात, आणि मग राईनपाड्यावर यावंच लागतं. १ जुलै २०१८, धुळे जिल्हा, साक्री तालुका. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे ही अफवा आधीपासून फोनाफोनीवर होती. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेली भटक्या समाजातली पाच माणसं जमावानं मारून टाकली. एका सिद्धांतानं त्या दिवसाचा उलगडा होतो असं मी म्हणणार नाही. तसं म्हणणारा शिक्षक दिसला तर त्याला थांबवा. पण प्रश्न मांडता येतो. खंबाटकीत धाब्यावर जमलेली गर्दी आणि राईनपाड्याची गर्दी, यांत फरक कशाचा? माणसांच्या जातकुळीचा खचित नाही. समोर काय दिसत होतं, आधी काय ऐकलं होतं, पहिला हात कुणी उचलला आणि कशासाठी, पडलेला माणूस 'आपला' वाटला की 'बाहेरचा'? शेवटच्या दोन वर्षांत मी हा एवढाच प्रश्न देऊन वर्गाला आपसात बोलायला सोडायची आणि मागं जाऊन बसायची. पंखा चालू ठेवून.

एक अभ्यास म्हैसूरचा. जोन मिलर यांनी शिकागोतल्या आणि म्हैसूरमधल्या लोकांना ओळखीच्यांच्या बऱ्यावाईट वागण्याचे प्रसंग सांगायला लावले आणि तो माणूस तसं का वागला हे विचारलं. १९८४ साली ते छापून आलं. एक प्रसंग असा, की एका वकिलाच्या मोटारसायकलला अपघात झाला आणि मागं बसलेल्याचं डोकं आपटलं. वकिलानं त्याला दवाखान्यात पोचवलं, किती लागलंय हे डॉक्टरांशी न बोलता तो कोर्टाच्या कामाला निघून गेला, आणि तो माणूस दगावला. अमेरिकी लोकांचा कल 'तो बेजबाबदारच' असं म्हणण्याकडे. आपल्याकडचे लोक म्हणाले, अशिलाचं काम अडलं असेल, गडबडला असेल, जखम वरून तेवढी दिसली नसेल. शिवाय हा फरक लहान मुलांत फारसा नव्हता, वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे वागण्याचं खापर स्वभावावर फोडण्याची खोड मनुष्यजातीची उपजत आहे, असं जे आपण छातीठोकपणे सांगतो ते बरंचसं शिकलेलं, संस्कृतीनं घडवलेलं निघालं. आणि कळलं कुठे, तर म्हैसुरात.

तुमचे आक्षेप मला ठाऊक आहेत, कारण ते सगळे माझेही होते. पेपरला जे विचारतात ते शिकवावं लागतं. शिकवा. उत्तर जसं अपेक्षित आहे तसं लिहून द्या आणि खाली एक रेघ मारून 'पुढे काय कळलं' म्हणून चार ओळी घाला. गुण कुणी कापत नाही, मी तपासलेल्या गठ्ठ्यांवरून सांगते. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: असं सांगितलं की पोरं म्हणतात, "म्हणजे मानसशास्त्रात सगळं खोटंच." २०१५ साली शंभर जुने प्रयोग पुन्हा करून पाहिले तेव्हा जेमतेम ३६ टक्क्यांत तसाच निकाल आला, हे कळल्यावर माझ्याही पोटात खड्डा पडला होता. पण ते प्रयोग पुन्हा कुणी केले? मानसशास्त्रज्ञांनीच, आणि निकाल स्वतःच छापले. शिवाय टिकलेलं पुष्कळ आहे. एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून काढलेला विस्मरणाचा वक्र आजही तसाच उतरतो. धडा चारदा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून लिहिलेलं आठवड्यानंतर जास्त लक्षात राहतं, हेही पक्कं आहे. 'मी व्हिज्युअल लर्नर आहे' म्हणून व्हिडिओ बघत बसणाऱ्या पोरांना हे बोर्डाच्या परीक्षेआधी सांगा. कुणी बघून शिकतो, कुणी ऐकून, या व्हिज्युअल-ऑडिटरीच्या वर्गवारीला भक्कम पुरावा मिळालेला नाही. पुस्तक मिटायला लावा.

माझी जुनी टिपणवही अजून आहे. 'तीन वार' खोडून 'दोन' केलं आहे. ३८ भोवती लाल गोल आहे. त्या पानाच्या समासात नंतर कधीतरी मी लिहिलं आहे, 'पोलीस आल्यावर सगळे का पांगले?' आणि पुढची जागा बरीच वर्षं कोरी होती, तिथं आता १३४-अ लिहिलं आहे. नव्यानं हा विषय घेणाऱ्या कुणाला ती वही हवी असेल तर मी झेरॉक्स काढून देईन. अक्षर वाईट आहे, आणि खाडाखोड तशीच राहू द्या.

आपली,
एक निवृत्त सहकारी